दीपगृहातल्या म्हातारीचा आवाज

३ फेब्रुवारी

ती. मावशी,

नमस्कार. पाकीट बघून दचकली असशील, पण इकडे सगळे धडधाकट आहेत. फक्त मला बोलायला बंदी आहे. तेव्हा हे वाचून झाल्यावर लगेच फोनकडे धावू नकोस, मी उचलणार नाही. लहानपणी माझ्या रडण्यावरून तूच माझं नाव भोंगा ठेवलंस ना? तो भोंगा सध्या गळ्यात पाटी अडकवून घरभर फिरतोय.

आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे पुढचं तू शिव्या न देता वाचशील. मला भूमिका मिळाली! नऊ वर्षं नाट्यगृहात मागच्या रांगेत उभी राहून 'आ' आणि 'ओ' करत होते, आता पहिल्यांदा दोन अख्खी गाणी एकटीची. नवीन संगीत नाटक आहे, दीपगृह सांभाळणाऱ्या एका म्हातारीचं. म्हातारी मी. मेमध्ये पहिला प्रयोग आणि पोस्टरवर माझं नाव. आमच्या दिग्दर्शकांना आम्ही 'पुन्हा एकदा' म्हणतो, कारण त्यांच्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही. पण निवडीच्या दिवशी त्यांनी मला एकदाच गायला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाच! हा आवाज तीस वर्षं खारं वारं प्यायलाय." खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा आवाज सकाळपासून बसलेला होता. पण खपून गेलं.

आता वाईट बातमी. तो बसलेला आवाज उठायलाच तयार नाही. सकाळी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, खाकरून खाकरून जीव जातो. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली आणि माझेच स्वरतंतू मला पडद्यावर दाखवले. लालभडक आणि सुजलेले. आणि म्हणतात काय, दोष गाण्याचा नाही, पोटाचा आहे! पोटातलं ॲसिड वर चढतं आणि थेट स्वरतंतूंवर येतं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, 'पण माझ्या छातीत कधीच जळजळत नाही.' त्या म्हणाल्या, पुष्कळांना जळजळत नाही, हे प्रकरण गुपचूप चालतं. त्यातून गाणाऱ्यांना जास्त, कारण आम्ही पोटावर जोर देऊन गातो आणि प्रयोग संपल्यावर उशिरा जेवून तडक आडवे होतो.

आठवडाभर मौन, मग थोडं थोडं बोलायचं. फोन मात्र त्या परवानगी देतील तेव्हाच, कारण फोनवर माणूस नकळत ओरडतो. तू खवळणार हे ठाऊक आहे, पण खवळून झाल्यावर काहीतरी उपाय सांग.

तुझी
भोंगा

९ फेब्रुवारी

चि. भोंगाबाई,

आशीर्वाद आणि दोन धपाटे. आशीर्वाद भूमिकेसाठी, धपाटे घशासाठी.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ऐकलं होतं, पण घसा बसला म्हणून पोटाला औषध देणारी डॉक्टरीण आज पहिल्यांदा ऐकली. उद्या माझा गुडघा दुखला तर कानात थेंब घालेल. अगं, मी इतकी वर्षं गाणं शिकवते, शेकडो घसे बसताना बघितले. घसा बसतो तो ओरडण्याने, जागरणाने आणि आगाऊपणाने. तुझ्यात हे तिन्ही आहे.

आता नीट वाच. खाकरणं आजपासून बंद. खाकरलीस की दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, आणि जितकं आपटतील तितकं पुन्हा खाकरावंसं वाटतं. वाटलं की पाण्याचा घोट घे आणि गिळ. दुसरं, कुजबुजू नकोस. तुला ओळखते मी, मौन म्हणून कानाशी फुसफुसत बसली असशील. त्याने घशाला आणखी ताण पडतो. तिसरं, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात लिंबू पिळून मध घालून घे, आणि पुदिन्याच्या गोळ्या पिशवीत ठेव. माझ्या वर्गात आजवर एकही घसा लिंबावाचून बरा झालेला नाही.

मोबाइलवर लिहून पाठव असं तुझी आई सुचवत होती. तिला म्हटलं, तो मोबाइल मी लिहिलेले शब्द आपल्या मर्जीने बदलतो, मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. पत्रच बरं.

भूमिकेचं ऐकून मात्र आनंदाने रडले. वर्गातल्या मुली घाबरल्या, त्यांना वाटलं त्यांच्याच गाण्याने रडतेय. अधूनमधून तेही कारण असतं.

तुझी
मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशी,

तुझं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. (आता हळू आवाजात बोलायला परवानगी आहे.) खाकरणं आणि कुजबुजणं यावर त्यांनी मान डोलावली, म्हणाल्या, तुमची मावशी हुशार आहे. मग लिंबू आलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

लिंबू बंद. पुदिनासुद्धा बंद! पुदिन्याने म्हणे पोटाच्या तोंडाची झडप सैल पडते आणि ॲसिडला वाट मोकळी होते. आणि मावशी, मी वर्षानुवर्षं दर तालमीला पुदिन्याच्या गोळ्या चघळतेय, आमची अख्खी मागची रांग चघळते. कॉफी बंद, टोमॅटो बंद, तळकट बंद, चॉकलेट बंद. काय चालतं असं विचारलं तर म्हणाल्या, "पाणी." सकाळी उपाशीपोटी गोळी. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच.

तुझ्या जावयांनी उत्साहाने पलंगाच्या दोन पायांखाली विटा घातल्या. आता आम्ही दोघं झोपेत हळूहळू घसरतो. परवा सकाळी ते पायथ्याशी गोळा होऊन झोपले होते आणि उशी एकटीच वर होती. म्हणाले, "दिवसभर चढावर बस चालवतो, आता झोपही चढावरच."

चेष्टा सोड, पण एका गोष्टीचं वाईट वाटतं. त्यांची पाळी संपून ते घरी येतात तेव्हा आम्ही एकत्र जेवतो. दिवसातला आमचा तेवढाच वेळ. आता मी संध्याकाळीच तालमीच्या खोलीत डबा खाऊन घेते आणि ते घरी एकटे जेवतात.

सगळं पाळतेय बघ. फरकही पडतोय, कालपासून वरचे सूर थोडे थोडे परत येताहेत. फक्त 'पुन्हा एकदा' तालमीत म्हणाले, "आज तुझी म्हातारी पातळ वाटतेय." सर्दी असेल असं सांगून वेळ मारून नेली.

तुझी
भोंगा

२७ फेब्रुवारी

चि. भोंगा,

तुझं पत्र घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेले, तुझ्या डॉक्टरीणबाईंना खोटं पाडायला. तो म्हणाला, त्यांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. वर मलाच विचारतो, "बाई, तुम्ही स्वतः इतक्या खाकरता, तुमचा घसा कधी दाखवलात?" मी म्हटलं, गाणं शिकवणाऱ्या बाईचा घसा असाच असतो. त्याने लगेच माझ्या नावाचा कागद काढला. असली माणसं मला अजिबात आवडत नाहीत.

तर ठीक आहे, लिंबू बंद. वर्गातल्या मुलींना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं एकीनेही तोंड उघडून सांगितलं नाही की आवडत नाही म्हणून! गायला सांगितलं तरी तोंड उघडत नाहीत म्हणा.

पण तुझ्या पत्राचा शेवट मला खटकला. आवाज सुधारतोय आणि दिग्दर्शकाला तो पातळ वाटतोय, याचा अर्थ काय? निवडीच्या दिवशी आवाज 'बसलेला होता' असं पहिल्या पत्रात एका ओळीत उरकलंस. किती बसला होता? खालचे सूर नेहमीपेक्षा खाली जात होते का? सुजलेले तंतू जड होतात, मग आवाज खाली उतरतो, आणि ज्यांना कळत नाही त्यांना तो भारदस्त वाटतो. भोंगा, त्या माणसाने तुझा आवाज निवडला की तुझी सूज?

तालमीतलं गाणं ध्वनिमुद्रित करून पाठव. उलट टपाली उत्तर हवंय.

तुझी
मावशी

१८ मार्च

ती. मावशी,

उत्तराला उशीर झाला, तालमी वाढल्या आहेत. सगळं छान चाललंय. दिग्दर्शक खूश आहेत, हल्ली 'पुन्हा एकदा' म्हणतच नाहीत. कपडेवालीने माझं माप घेतलं, म्हातारीला भला मोठा मेणकापडी कोट आहे. गोळ्या वगैरे चालू आहेत. ध्वनिमुद्रणाचं जमत नाहीये, तालमीच्या खोलीत परवानगी नाही. फोन अजून बंदच.

तू तुझा घसा दाखव.

तुझी
भोंगा

२५ मार्च

भोंगा,

आशीर्वाद नाही. नुसते धपाटे.

ताकास तूर लागू द्यायची नाही असं तू ठरवलंस, पण तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, देव त्याचं भलं करो. त्याने सुट्टीच्या दिवशी तालमीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून तुझं गाणं मोबाइलमध्ये घेतलं आणि मला पाठवलं. सोबत चार ओळी. 'मावशी, ही गोळ्या घेत नाही. विटा काढायला लावल्या. माझ्याबरोबर पुन्हा उशिरा जेवते, तेही तळलेलं, आणि तालमीला जायच्या आधी कोमट पाण्यात लिंबू पिळून पिते. विचारलं तर म्हणते, मावशीचा उपाय आहे.'

मावशीचा उपाय! माझं लिंबू घशाला घातक आहे हे कळल्यावर तू ते मुद्दाम सुरू केलंस! मी खुर्चीवर बसले ती अर्धा तास उठलेच नाही. मुली वर्गाला आल्या, त्यांना परत पाठवलं.

मग ते गाणं ऐकलं. तीनदा. खालचे सूर आहेत, अगदी खर्जात, करकरणारे. मधल्या सुरांना भोकं आहेत, तिथे नुसती हवा येते. आणि वरचा सूर तू घेतच नाहीस, तिथे खोकल्याचं नाटक करतेस. म्हातारी खोकते म्हणून लोक कौतुक करत असतील. मला माहीत आहे की तिथे सूरच उरलेला नाही. तो सूर मी तुला शिकवलाय, तू दहा वर्षांची होतीस, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस. मला तो उशीत तोंड घालून गायलीस तरी ओळखता येईल.

आणि आता कळलं, फोन अजून बंद का ते. डॉक्टरीणबाईंनी नाही, तूच बंद केलायस. फोनवर पहिल्याच 'हॅलो'ला मला सगळं ऐकू आलं असतं. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र.

माणसं आजाराला घालवायला धडपडतात. तू आजाराला नोकरीवर ठेवलंस. किती दिवस टिकेल तो? सुजेवर रोज रगडून गात राहिलीस तर गाठ येईल, आणि मग दीपगृह राहू दे, मागच्या रांगेतही कुणी उभं करणार नाही. गोळ्या सुरू कर. दिग्दर्शकाला खरं सांग. आज. आत्ता.

मावशी

२९ मार्च

मावशी,

घरभेद्यांशी सध्या मी बोलत नाही, तेव्हा त्यांच्या वाटचं तूच ऐक.

दिग्दर्शकाला खरं सांगू? काय सांगू? की तुम्ही निवडलेली बाई आजारी होती, आता ती बरी होतेय, दुसरी बघा? पुढच्याच क्षणी शिट्टीला उभं करतील. शिट्टी म्हणजे माझ्या जागी ऐनवेळी उभी राहायला ठेवलेली बदली मुलगी, गळा हा एवढा बारीक, पण रोज माझ्या बाजूला उभी राहून माझी गाणी ओठांत म्हणते आणि मी खोकले की आशेने मान वर करते.

तू म्हणतेस तो सूर. वरचा, स्वच्छ, ओट्याला टेकून शिकलेला. नऊ वर्षं तोच सूर घेऊन मी रोज नाट्यगृहात गेले, मावशी. नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही की हा कुणाचा आहे. आमच्याकडे स्वच्छ आवाजाच्या बाया पैशाला पासरी. चांगल्या आवाजाने मला मागची रांग दिली, बिघडलेल्या आवाजाने पोस्टर. आता तूच सांग, कुठला जपू?

तुला वाटतं मला कळत नाही? सकाळी उठल्यावर मला हाक मारता येत नाही. चहा झाला हे सांगायला मी कपावर चमचा वाजवते. सगळं कळतं. पण प्रयोग दीड महिन्यावर आलाय. तेवढं होऊ दे, मग पाणी पिऊन राहीन, उभ्याने झोपेन, सांगशील ते करीन. पहिल्या प्रयोगाला तुझी खुर्ची तिसऱ्या रांगेत ठेवलीये. तू रागावून आली नाहीस तर रिकामी दिसेल, एवढं लक्षात ठेव.

भोंगा

४ एप्रिल

चि. भोंगा,

तुझं पत्र आल्यापासून दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात फार ओरडले होते, दुसऱ्यात फार रडले होते. हे तिसरं.

तुझं म्हणणं मला पटलं नाही, पण कळलं. नऊ वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर माणूस आगीतूनही पुढे येईल. पण अगं वेडे, तुला म्हातारी करायची आहे ना? मग म्हातारी घशात कशाला शोधतेस?

आमच्या तळमजल्यावर एक म्हातारी शिंपीण राहते, जिभेने माझ्याहून तिखट. तिचा आवाज तुझ्या शिट्टीपेक्षा स्वच्छ आहे. पण डोळे मिटून ऐकलं तरी कळतं की ही म्हातारी आहे. का, ते मी आठवडाभर जिन्यात उभं राहून ऐकलं. तिने मला दोनदा विचारलं, काही हरवलंय का म्हणून. ती जिना चढताना बोलते. वाक्य अर्ध्यात सोडते, पायरी चढते, कठड्याला धरून उभी राहते, आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच उचलते. मधला शब्द विसरत नाही, सूरही बदलत नाही. तिला घाई नाही आणि ऐकणारा थांबेल याची तिला खात्री आहे. तेवढंच आहे तिचं म्हातारपण, बाकी सगळं खणखणीत.

तुझ्या दीपगृहाला जिना असेलच. ओळ घे, अर्ध्यात सोड, एक पायरी चढ, मग उचल. स्वच्छ आवाजात. करून तरी बघ. आधी बंद खोलीत कर, त्या शिट्टीसमोर नको.

आणि गोळ्या. आणि विटा. जावईबापूंवर रुसू नकोस, तो मला लिहिताना घाबरला होता, चार ओळींत सहा चुका आहेत.

तुझी
मावशी

१९ एप्रिल

ती. मावशी,

तुझं पत्र पोचलं तेव्हा वाचलं, उशीखाली ठेवलं आणि ऐकलं नाही. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, ती मी.

मंगळवारी पूर्ण नाटकाची तालीम होती, कोट घालून. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. घोगरं नाही, फाटलेलं नाही, काहीच नाही. नुसती हवा. मी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा हवा. साथीदार वाजवत राहिले, त्यांना वाटलं हाही म्हातारीचा अभिनय आहे. मग एकेक करून थांबले.

दिग्दर्शक म्हणाले, "पुन्हा एकदा." इतक्या दिवसांनी म्हणाले ते. मी मान हलवली.

पिशवीत पाटी होती. त्यावर सगळं लिहिलं, निवडीच्या दिवसापासूनचं. अक्षर बारीक केलं तरी मावेना, उलटून दुसरी बाजू लिहिली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला वाटलं होतं तू मुद्दाम तसं गातेस." मग शिट्टीला कोट द्यायला सांगितलं. कोट तिला गुडघ्याखाली येतो. मी स्वतःच तिच्या बाह्या दुमडून दिल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. गाठ यायच्या बेतात आहे, पण आलेली नाही. संपूर्ण मौन, मग बघू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

विटा परत आल्या. संध्याकाळी माझं खाणं होतं. हे घरी येतात तेव्हा मी त्यांच्या समोर रिकामं ताट घेऊन बसते. पहिल्या दिवशी त्यांना घास उतरेना. आता ते जेवताना बोलतात आणि मी ताटावर बोट फिरवत ऐकते. मावशी, माझं लग्न इतक्या शांतपणे मी कधी ऐकलंच नव्हतं.

तिसऱ्या रांगेतली खुर्ची रद्द केली.

भोंगा

२३ एप्रिल

चि. भोंगा,

'मी सांगत होते' हे वाक्य मी आत्ता गिळलं. फार मोठं होतं, अडकलं, पण खाकरले नाही.

मौन संपलं की लगेच गायला बसू नकोस. पेल्यात चार बोटं पाणी घे, सरबत पितो तसली नळी बुडव आणि तिच्यातून हळूच 'ऊ' म्हण, फुगे येतील इतपतच. रोज थोडं थोडं. खालून वर, वरून खाली. लहान मुलांच्या खेळासारखं दिसतं, लाज वाटली तर दार लावून घे. फुगे सारखे आले की समज तंतू जागेवर येताहेत. वरच्या सुराला हात लावू नकोस. तो स्वतःहून येईल. नाही आला तरी तू माझी भोंगाच आहेस. हे मी लिहिलंय म्हणून लोकांना दाखवत फिरू नकोस.

पेला नीट धुऊन घेत जा.

तुझी
मावशी

१४ जून

ती. मावशी,

मध्यंतरी फक्त 'बरी आहे' एवढीच कार्डं पाठवली, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. फुगे होते, नुसते फुगे. हे म्हणाले, घरात मासे पाळल्यासारखं वाटतं.

मेमध्ये नाटक सुरू झालं. मी पहिला प्रयोग सर्वांत मागे उभी राहून बघितला. शिट्टीने बरं केलं. बरंच बरं केलं. मला राग यायला हवा होता, पण ती दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला आली तेव्हा तिच्याबरोबर ओठांत मीच ती ओळ म्हणत होते, तिने ती ओळ पार केल्यावर मी हुश्श केलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. पांढरे, सरळ, आपापल्या जागी. म्हणाल्या, "गा आता. पण जेवणाची वेळ पाळायची, ती जन्मभर." मी घरी आले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि वरचा सूर घेतला. आला, मावशी. काठावर किंचित थरथरतो, पण आला.

काल धीर करून दिग्दर्शकांकडे गेले. म्हटलं, एकदा ऐका, काही देऊ नका, नुसतं ऐका. रिकाम्या रंगमंचावर दीपगृहाचा जिना उभाच होता. मी तुझ्या शिंपीणबाईला स्मरून पहिल्या पायरीवर उभी राहिले. ओळ घेतली, अर्ध्यात सोडली, चढले, कठडा धरला, तिथूनच उचलली. स्वच्छ आवाजात, खोकला नाही, करकर नाही. वरच्या पायरीवर पोचून वरचा सूर घेतला आणि तो थरथरला तसाच थरथरू दिला.

खाली बघते तर दिग्दर्शक डोळे पुसताहेत. आणि म्हणतात काय, "हाच! हाच तो निवडीच्या दिवशीचा आवाज! मधे कुठे घालवला होतास?"

मावशी, त्यांना फरकच कळला नाही! फेब्रुवारीत 'पातळ' म्हणाले ते आवाजाला नव्हे, माझ्या म्हातारीला! मी ज्या घोगरेपणासाठी लिंबू प्याले, नवऱ्याशी अबोला धरला, तुझ्याशी खोटं बोलले, घसा जवळजवळ घालवला, तो त्या माणसाला कधी हवाच नव्हता. हसावं की रडावं कळेना. पाटी हातात असती तर त्यांच्या डोक्यात घातली असती. पण मग वाटलं, निवडीच्या दिवशी त्यांनी ऐकलं तरी काय होतं? हे विचारायचं राहून गेलं.

रविवारचे दुपारचे प्रयोग माझे. बाकीचे शिट्टीचेच राहणार, आणि ते बरोबर आहे. पोस्टर नव्याने छापणार नाहीत, तिच्या नावाखाली माझ्या नावाची चिठ्ठी डकवलीये. एका कोपऱ्यातून सुटतेय, जाता-येता मी अंगठ्याने दाबते.

तुझी
भोंगा

२० जून

चि. भोंगा,

चिठ्ठी सुटत असेल तर खळ लाव. अंगठ्याने काय होणार? शाळेत होतीस तेव्हाही वहीचा सुटलेला पुठ्ठा असाच दाबत बसायचीस.

त्या माणसाने काय ऐकलं म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू एकटी त्याच्यासमोर उभी राहिलीस, त्याला तू ऐकू आलीस. त्यात सूज किती आणि तू किती, हे वेगळं काढायला त्याला कान लागले असते, ते त्याच्याकडे नाहीत. शिंपीणबाईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या चढण्याचे पैसे मिळतात का बघ.

पुढच्या रविवारी येते. तिसरी रांग नसली तर मागे उभी राहीन, तुझ्या जागेवर. माझ्याही पलंगाखाली विटा आल्या आहेत. का, ते विचारू नकोस, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरला विचार. रोज सकाळी पायथ्याशी उठते.

आणि आता हे पत्र लिहिणं पुरे. फेब्रुवारीपासून मी तुझं नुसतं अक्षर बघतेय. तुझं अक्षर मुळातच वाईट आहे आणि त्यातून तू लबाडही आहेस, त्यात काय खरं ते शोधताना माझे डोळे गेले. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आहे ना? मग आज संध्याकाळी फोन कर. जेवण झाल्यावर लगेच नाही, थोडं थांबून. काही सांगायला नको, गायलाही नको.

'मावशी' म्हणून हाक मार फक्त. मी ऐकते.

तुझी
मावशी